टाळ्या कापू नका

वाचकांचे प्रश्न : लोकसंगीत आणि ध्वनिमुद्रण

प्रश्न : माझे थोरले काका मर्चंट नेव्हीत होते. त्यांच्या ट्रंकेत एक एलपी सापडली. पीट सीगर नावाचा गायक, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधला कार्यक्रम. मुलाने जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून दिला, म्हणून ऐकली. या माणसाचा आवाज काही फार मोठा नाही. मधेमधे तो बोलत बसतो आणि निम्म्या गाण्यांत तर लोकच गातात. याला जगाने एवढं डोक्यावर का घेतलं? आम्ही भीमसेनजी ऐकत वाढलेली माणसं, म्हणून विचारतो. — एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, आधी ती एलपी उभी ठेवा, आडवी चळतीत नको, आणि उन्हापासून लांब ठेवा. तुमच्या घरात फार मोलाची वस्तू आली आहे. तुम्ही तीन उणिवा लिहिल्या आहेत : आवाज बेताचा, मधे बोलणं, आणि लोकांचं गाणं. मी ही रेकॉर्ड इतकी वर्षं ऐकते ती याच तीन गोष्टींसाठी.

तो कार्यक्रम ८ जून १९६३ चा, शनिवारचा. कार्नेगी हॉलमध्ये सुमारे २८०० माणसं बसतात. मंचावर सीगर एकटा. एक लांब मानेचा बँजो आणि एक बारा तारांची गिटार. साथीला कुणी नाही. वय ४४, पण गावोगावी, कामगारांच्या सभांत, शाळा-कॉलेजांत गाऊन वीसेक वर्षं झालेली. आता तुम्ही गाण्याकडे पुन्हा कान द्या. ध्रुवपदाची ओळ लोकांच्या तोंडी यायच्या आधी, श्वासभर अंतरावर, तो ती ओळ नुसती बोलून पुढे टाकतो. लोक ती उचलतात. लोक गात असताना त्याचा आवाज बाजूला होतो, बँजो चालू राहतो, आणि मग लोकांच्या वर तो वेगळाच सूर धरतो. खालच्या पट्टीतले पुरुष एकीकडे, वरच्या पट्टीतल्या बायका एकीकडे, अशी आख्खी सभा तो बोटांवर मोजल्यासारखी वाटून देतो.

मी लहानपणी मामांच्या शाहिरी पथकात झील धरायला उभी राहायचे. शाहीर चौक, म्हणजे पोवाड्याचा एक भाग, संपवत आणतो, शेवटच्या शब्दावर त्याचा दम सुटतो, आणि त्याच क्षणाला मागच्यांनी ‘जी जी रं जी’ उचलायचं असतं. क्षणभर उशीर झाला तर पोवाडा पडतो. मामा त्या वेळी मागे वळून बघायचे नाहीत, डफावरची थाप थोडी बदलायचे, आम्हाला तेवढं पुरे. सीगरने झीलकऱ्यांची ती जागा पैसे देऊन आलेल्या आख्ख्या सभागृहाला दिली. ज्यांनी ते गाणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, ते दुसऱ्या ध्रुवपदाला गात होते. हे करायला मोठा गळा लागत नाही, उलट मोठ्या गळ्यापुढे लोक गप्प बसतात. भीमसेनजींची तान सुरू असताना आपण श्वास रोखून बसतो आणि ते तसंच हवं. इथली कामगिरी वेगळी आहे.

आता बोलण्याबद्दल. त्या रेकॉर्डवर एक स्पॅनिश गाणं आहे, ‘ग्वांतानामेरा’. ते म्हणण्यापूर्वी तो क्युबाचा कवी होसे मार्ती याच्याबद्दल सांगतो, एकेका कडव्याचा अर्थ सांगतो, मग गातो. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या तोंडाशी आले होते. त्याला वर्षही झालेलं नसताना न्यूयॉर्कच्या सर्वांत नावाजलेल्या सभागृहात हा माणूस क्युबाच्या कवीचे शब्द लोकांकडून म्हणवून घेतो. बोलणं काढलं तर मागे एक गोड चाल उरेल, एवढंच. कीर्तनात निरूपण काढून नुसते अभंग ठेवले तर जे होईल तेच.

आणि गाणारा कोणत्या अवस्थेत उभा होता तेही लक्षात घ्या. १९५५ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीने त्याला बोलावून, तू कुणासाठी गातोस, कोणत्या पक्षाचा, असं विचारलं. त्याने उत्तर द्यायला नकार दिला, पण हवं तर गाणी म्हणून दाखवतो म्हणाला. १९६१ मध्ये त्याला वर्षाच्या कैदेची शिक्षा झाली, ती मे १९६२ मध्ये वरच्या कोर्टाने रद्द केली. टीव्हीची दारं मात्र बंदच होती. म्हणजे त्याच्याकडे लोकांसमोर प्रत्यक्ष उभं राहण्याखेरीज फारसं काही उरलं नव्हतं.

काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्यातली जी गाणी इथे एकामागून एक येतात ती अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया या दक्षिणेकडच्या भागातली. मे १९६३ मध्ये बर्मिंगहॅम शहरात काळ्या मुलांनी मोर्चे काढले, पोलिसांनी त्यांच्यावर कुत्रे आणि पाण्याचे जोरदार फवारे सोडले, शेकडो मुलं तुरुंगात गेली. त्या मुलांनी म्हटलेलं, तुरुंगाला भीत नाही असं सांगणारं गाणं महिन्याभरात कार्नेगी हॉलमध्ये वाजतंय. शेवटाकडे ‘वी शॅल ओव्हरकम’ येतं. तुमच्या मुलाने शाळेत ‘हम होंगे कामयाब’ म्हटलं असेल, गिरिजाकुमार माथुरांनी हिंदीत आणलेलं, तेच हे. सीगर मधेच थांबून सांगतो की यातलं सगळ्यांत चांगलं कडवं ‘आम्ही भीत नाही’ हे आहे, आणि ते अलाबामातल्या तरुण पोरांनी घातलं, तडजोड करायला शिकलेल्या थोरामोठ्यांना त्यांनी धडा दिला. त्यानंतर लोक जे गातात ते ऐका. या कार्यक्रमानंतर चारच दिवसांनी, १२ जूनला, मिसिसिपीतल्या मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याला त्याच्या घराच्या दारात गोळी घालण्यात आली. गाणाऱ्यांना ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे, आणि म्हणून आज ते कडवं ऐकणं अवघड जातं.

प्रश्न : याच कार्यक्रमाची एलपी वेगळी आणि नंतरची सीडी वेगळी असं वाचलं. नेमकं कोणतं ऐकावं? — संगीताची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : दोन्ही ऐक. १९६३ मध्ये आलेल्या एलपीत १३ गाणी आहेत. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं बसतात, त्यामुळे निवड करणं भागच होतं. १९८९ मध्ये दोन सीडींवर जवळजवळ सगळा कार्यक्रम, सुमारे दोन तासांचा, मूळ क्रमाने आला.

एलपी म्हणजे निवडक. ती ऐकून गाणी कळतात. सीडीवर बांधणी कळते, आणि तुला गायचं असेल तर बांधणीच शिकण्यासारखी आहे. सुरुवातीला बँजोवर नाचाच्या चाली, मग जुनी कथागीतं, मग लहान मुलांचं गाणं, मग टॉम पॅक्सटन, माल्व्हिना रेनॉल्ड्स आणि तेव्हा अवघ्या २२ वर्षांचा असलेला बॉब डिलन यांची अगदी ताजी गाणी. लोक हसतात, सैलावतात, गायला लागतात. दक्षिणेतल्या लढ्याची गाणी त्यानंतर येतात. मग पुन्हा जरा मोकळं सोडतो : ब्राझीलचं गाणं, रशियाचं, जपानमधलं अणुबाँबविरोधी गाणं, दक्षिण आफ्रिकेतलं. ‘वी शॅल ओव्हरकम’ इतक्या चढ-उतारांनंतर येतं. सुटं, मोबाइलवर, एकट्याने ऐकलं तर ते प्रार्थनेसारखं वाटतं. दोन तासांनंतर ऐकलं तर त्यात घामाचा वास येतो.

आपल्या पोवाड्याचं जुन्या तबकड्यांवर असंच नुकसान झालं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास मावायचं. शाहिरांनी रात्रभर चालणारा पोवाडा त्या मापात कापला, लय चढी ठेवली, गद्य गाळलं. अमर शेखांनी किंवा शाहीर साबळ्यांनी मैदानात उभ्या केलेल्या सभेचा अंदाज त्या मापाच्या तबकडीवरून येणार नाही. म्हणून कुणाकडे मैदानातली, लोकांसकट मुद्रित झालेली टेप असेल, कितीही खरखरती असो, ती माझ्या लेखी स्टुडिओतल्या तबकडीच्या वर आहे.

प्रश्न : माझे वडील शाहीर होते. १९८६ च्या गणेशोत्सवातल्या त्यांच्या कार्यक्रमाची एकच कॅसेट घरात उरली आहे. एका स्टुडिओत दाखवली. ते म्हणाले, मधे मुलं रडतात, कुणी ‘खाली बसा’ म्हणून ओरडतं, बक्षिसांच्या घोषणा आहेत, खरखर आहे, सगळं काढून क्लीन करून देतो. त्यांनी नमुना पाठवला, पण त्यात बाबांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. आई तर म्हणाली, हे तुझे बाबा नाहीत. — एक वाचक, कवठेमहांकाळ

उत्तर : आईंचं बरोबर आहे. त्यांचा कान त्या यंत्रापेक्षा खरा आहे. कॅसेट ताबडतोब परत आणा.

असं का होतं ते सांगते. खरखर काढणारं सॉफ्टवेअर आधी नुसत्या खरखरीचा एक तुकडा मागतं आणि मग त्या जातीचा आवाज सगळीकडून वजा करतं. कॅसेटची सळसळ राहते वरच्या वारंवारतेत. तिथेच ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं राहतात, तुणतुण्याच्या तारेची धार राहते, डफाच्या कडेचा कडाका राहतो. सळसळ ओरबाडून काढली की हे सगळं तिच्याबरोबर जातं आणि उरलेला आवाज डचमळतो. शाहिराच्या शब्दफेकीचा जीव व्यंजनांत असतो. ती गेली की बाबा गेले.

मुलं रडण्याबद्दल आणि घोषणांबद्दल माझं मत अगदी स्पष्ट आहे : एक सेकंदही कापू नका. गाडगेबाबांचं शेवटचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात झालं, ते मुद्रित आहे आणि आज कुणालाही ऐकता येतं. बाबा प्रश्न विचारतात, लोक उत्तर देतात, बाबा त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारतात. दीड महिन्याने, २० डिसेंबरला बाबा गेले. ती टेप कुणी ‘स्वच्छ’ केली असती, लोकांचा गलका काढून नुसते बाबा ठेवले असते, तर प्रश्न उरले असते आणि ज्यांच्यासाठी ते प्रश्न होते ती माणसं पुसली गेली असती.

तुमच्या कॅसेटवरच्या घोषणाही तशाच आहेत. अमक्या तालमीकडून अकरा रुपये, तमक्या किराणा दुकानदारांकडून एकवीस, असं असेल. त्यातून १९८६ चं गाव कळतं : कोण होतं, कुणाची ऐपत किती, कोणत्या प्रसंगाला कुणाचा हात खिशाकडे गेला. आणि बक्षीस आल्यावर शाहीर पुढच्या ओळीत देणाऱ्याचं नाव गुंफतो, तेव्हा त्याची हजरजबाबी समजते. ही कला कोणत्याही स्टुडिओत मुद्रित होत नाही. तुमचे बाबा ते कसं करायचे याचा जगातला एकमेव पुरावा तुमच्या हातात आहे.

आता काम कसं करायचं ते. कॅसेट घरातल्या जुन्या टेपमध्ये घालून वाजवू नका. आधी मागच्या कडेच्या दोन छोट्या खाचांवरचे प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. काचेतून फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसतात का बघा. आपल्या पावसाळ्यात बुरशी हमखास धरते, आणि ती असेल तर जाणत्याशिवाय हात लावू नये. मध्यभागी फितीमागे एक लहानसा फेल्टचा तुकडा असतो, तो गळला असेल तर आवाज दबका येतो. मग फीत स्क्रूवाल्या नव्या खोक्यात हलवावी लागते. हे घरीही जमतं, पण आधी रद्दी कॅसेटवर हात बसवा.

चांगला दुरुस्त केलेला टेप डेक मिळवा. त्याचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, आणि रबरी रोलर साफ हवेत. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस. मग सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी घाईतले लोक करत नाहीत : हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून हेडचा कोन त्या कॅसेटशी जुळवायचा. ज्या टेपवर १९८६ मध्ये मुद्रण झालं त्याचा कोन वेगळा असणार. कान लावून फिरवत राहा. एका जागी ‘स’ एकदम उघडतो आणि तुणतुणं जवळ येतं. तिथे थांबा. पुष्कळदा लोक ज्याला ‘जुनी कॅसेट, आवाज गेलाय’ म्हणतात तो आवाज एवढ्याने परत येतो. साध्या टेपवर मुद्रण झालं असेल तर डेकवरचं डॉल्बीचं, म्हणजे सळसळ कमी करणारं, बटण बंद ठेवा.

वेगही तपासा. कार्यक्रमाच्या दिवशी टेप सेलवर चालला असेल आणि सेल उतरत गेले असतील, तर आज ऐकताना गाणं हळूहळू चढ्या पट्टीत आणि घाईत जाईल. साथीला पेटी असेल तर तिचे सूर ठरलेले असतात, त्यावरून पट्टी लावता येते. ॲम्प्लिफायरची गुणगुण टेपवर आली असेल तर तीही मदतीला येते. आपली वीज ५० हर्ट्झची, पण त्या काळी ती खाली-वर व्हायची, म्हणून तो अंदाजच धरा.

संगणकावर घेताना वेव्ह फाइल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. तासाला साधारण २ जीबी जागा लागेल, जाऊ द्या. एमपी३ नातेवाइकांना पाठवायला वेगळी करा. मूळ फाइलवर काही करू नका. तिच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी बहिणीकडे किंवा भावाकडे. कॅसेटही टाकू नका. आणि आई आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून सगळी टेप ऐका. कोण ओरडतंय, कुणाचं मूल रडतंय, पेटीवर कोण, झील कुणाची, हे मिनिटासकट वहीत लिहून घ्या. तुमच्या प्रश्नातलं सर्वांत निकडीचं काम हे आहे. फीत अजून काही वर्षं थांबेल.

प्रश्न : आमच्या भागात लोकगीतं आणि लावणी गाणाऱ्या एक ज्येष्ठ बाई आहेत. वय ८० च्या पुढे. मंडळाचा विचार आहे की त्यांचा एक जाहीर कार्यक्रम ठेवून तो मुद्रित करावा. पण काही जुने रसिक म्हणतात, आता गळा फाटतो, बाईंची शोभा होईल, तरुणपणीच्या तबकड्या आहेत त्याच राहू द्या. — सांस्कृतिक मंडळाचे एक कार्यकर्ते, लातूर

उत्तर : कार्यक्रम करा. आणि सगळ्यांत आधी बाईंना विचारा. आख्ख्या पत्रात त्यांना काय वाटतं हे कुठेच आलेलं नाही.

वर ज्या सीगरबद्दल लिहिलं, त्याने वयाच्या साठीत, १९८० मध्ये, हार्वर्ड विद्यापीठातल्या सँडर्स थिएटरमध्ये एक कार्यक्रम मुद्दाम मुद्रित करवून घेतला. फोकवेज कंपनीने तो काढला. गळा उतरू लागला होता आणि त्याला एक गोष्ट मागे ठेवायची होती : लोकांना गातं कसं करायचं. त्या मुद्रणात तो कमी गातो, सभागृह जास्त गातं. तरुण सीगरच्या तबकड्या त्याहून सुरेल आहेत, तरी गाणं शिकवायला बसले की मी हेच मुद्रण लावते. जानेवारी २००९ मध्ये वॉशिंग्टनला लिंकन स्मारकापुढे ओबामांच्या शपथविधीआधीच्या सोहळ्यात तो ८९ व्या वर्षी उभा राहिला, तेव्हाही तीच रीत होती : ओळ बोलून पुढे टाकायची, गर्दीने उचलायची.

बैठकीच्या लावणीत तर वयाने बरंच काही वाढतं. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, तेव्हा त्यांचं वय ९६ होतं, आणि २०१८ मध्ये शंभरी ओलांडून त्या गेल्या. अशा बायकांकडे गळ्याच्या पलीकडचं जे असतं, म्हणजे एका ओळीचे दहा अर्थ दाखवणं, शब्द कुठे थांबवायचा, कोणता अर्धाच म्हणायचा, ते तरुणपणीच्या साडेतीन मिनिटांच्या तबकडीवर आलेलंच नाही. तुमच्या जुन्या रसिकांना मनात जपलेला आवाज मोडू द्यायचा नाही, हे मी समजू शकते. पण त्यांच्या आठवणीसाठी बाईंनी गप्प का बसावं?

व्यवस्थेचं मात्र नीट बघा. पट्टी बाई ठरवतील. पूर्वी काळी चारमध्ये गात असतील आणि आज काळी एक म्हणाल्या तर पेटीवाल्याने तोंड वाकडं करायचं नाही. एसी सभागृह नको, गार हवेने म्हाताऱ्या गळ्याचं वाटोळं होतं. देवळाचा सभामंडप किंवा वाड्याची ओसरी, वेळ दुपार उतरल्यावरची, दोनशेच माणसं. पुढच्या रांगेत पाहुणे आणि पुढारी बसवू नका. ज्यांना ही गाणी पाठ आहेत अशा बायका बसवा, जमलं तर बाईंच्या वयाच्या. बाईंचा सूर जिथे कमी पडेल तिथे त्या आपोआप उचलतील, आणि मुद्रणात ते ऐकू आलं पाहिजे. मधे बाई आठवणी सांगायला लागल्या तर निवेदकाने घड्याळ दाखवायचं नाही. आणि नंतर संगणकावर सूर ‘दुरुस्त’ करणारं यंत्र लावू नका. फाटलेला सूर त्यांचा आहे, दुरुस्त केलेला कुणाचाच नसतो.

प्रश्न : आमच्या गावी खंडोबाचं जागरण आहे. म्हातारे वाघे आता दोघेच राहिलेत. आम्ही कॉलेजची मुलं रेकॉर्डिंग करणार आहोत. एक छोटा रेकॉर्डर आणि मोबाइल आहेत. काय काळजी घ्यावी? — चौघे मित्र, जुन्नर

उत्तर : शाब्बास. थोडक्यात पण सगळं सांगते.

साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घेऊन मोकळे होऊ नका. त्यात माइकवर बोललेलंच येतं, लोक येत नाहीत. रेकॉर्डर वाघ्यांच्या समोर, सहा-सात फुटांवर, स्टँडवर, डोक्याच्या उंचीला ठेवा. कर्ण्यांच्या तोंडासमोर नको. मोबाइल लोकांच्या मधे ठेवा, एअरप्लेन मोड लावून. दोन्ही चालू झाल्यावर एक जोरदार टाळी वाजवा, नंतर दोन्ही मुद्रणं त्या टाळीवर जुळवता येतात. जनरेटर मंडपाच्या मागे जितका लांब नेता येईल तितका न्या.

आवाजाची पातळी गाण्यावर लावू नका. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ अशी आरोळी उठते तेव्हा काटा कुठे जातो ते बघा आणि त्यालाही वर थोडी जागा राहील अशी पातळी खाली ठेवा. लंगर, म्हणजे साखळी, तोडताना लोखंडाचा जो आवाज होतो तो त्याहून तीव्र असतो. मुरळीच्या हातातला घोळ, म्हणजे घंटा, फार टोचतो, म्हणून रेकॉर्डर तिच्या अगदी पुढ्यात नको, दिमडीच्या बाजूला थोडा सरकवा. भंडारा उधळला जाईल, माइकवर स्पंजची टोपी घाला. नाहीतर सकाळी माइक पिवळा आणि कायमचा बहिरा.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला तासाला १ जीबी धरा. जागरण पहाटेपर्यंत चालेल, त्या हिशोबाने कार्ड आणि बॅटरी. गाण्यांच्या मधे थांबवून पुन्हा चालू करायचं नाही. वाघे मधे चहा पितात, एकमेकांना पुढचं पद आठवून देतात, एखादी ओळ गुणगुणून बघतात, ते सगळं येऊ द्या. सुरुवातीला तुमच्यापैकी एकाने तारीख, गाव, कुणाच्या घरचं जागरण आणि सगळ्या साथीदारांची नावं मोठ्याने बोलून मुद्रित करा. तुणतुणं धरणाऱ्याचं नाव बहुतेक मुद्रणांवर नसतं. तुमच्या असू द्या.

प्रश्न : लोकगीताचा मालक कुणी नसतो ना? मग असं मुद्रण यूट्यूबवर टाकायला परवानगी कशाला? — एक वाचक, ठाणे

उत्तर : गीत परंपरेचं असलं तरी त्या रात्रीचं गाणं गाणाऱ्याचं असतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला आणि आज तो सादरीकरणानंतर ५० वर्षं टिकतो. स्वतःच्या खाजगी ऐकण्यासाठी किंवा प्रामाणिकपणे शिकवण्यासाठी वा संशोधनासाठी मुद्रण करायला हरकत नाही. जगाला वाटायचं तर संमती घ्या, लेखी, मराठीत, गायकाला वाचून दाखवून.

‘परंपरेचं आहे’ या एका वाक्याने किती माणसं लुबाडली गेली याचा एक दाखला देते. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गला ‘म्बुबे’ नावाचं गाणं मुद्रित केलं. पुढे तीच चाल अमेरिकेत आणि जगभर गाजली, सीगरनेही ती आधी परंपरेतली समजून गायली. लिंडा १९६२ मध्ये गरिबीत वारला. त्याच्या मुलींना न्याय्य वाटा मिळण्याचा समझोता झाला तो २००६ मध्ये. याच्या उलट ‘वी शॅल ओव्हरकम’चे हक्क ज्या चौघांच्या नावे नोंदले गेले, त्यांनी येणारी रक्कम दक्षिणेतल्या काळ्या समाजाच्या कामासाठी एका निधीत ठेवली, आणि २०१८ मध्ये ते गाणं सगळ्यांसाठी मोकळं झालं.

तेव्हा संमतीपत्रात साधं लिहा : मुद्रण कुठे कुठे जाईल, पैसे आले तर कसे वाटायचे, आणि गायकाला नको वाटलं तर काढून टाकायचं. मानधनाचे आकडे मुख्य गायकाचे वेगळे आणि झीलकरी, पेटीवाला, दिमडीवाला यांचे वेगळे लिहा, आणि प्रत्येकाची सही किंवा अंगठा त्याच्या स्वतःच्या नावासमोर घ्या.